‘मेला’ आणि ‘मारला’ यांच्यामधली जागा

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या चिकोडी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून मुख्य भाग आधी देत आहोत.

‘आमचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, सीझनला कारखान्याला ऊस वाहतो. महिन्यापूर्वी रात्री साडेनऊच्या सुमाराला मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलं. मालकांनी ट्रॉली कडेला घेतली, पण साइडपट्टी खचलेली, त्यामुळं निम्मी ट्रॉली डांबरावरच राहिली. मागं दगड लावले, झाडाची फांदी टाकली आणि ते मिस्त्रीला आणायला गेले. तासाभरात मागनं मोटरसायकल येऊन धडकली. वीस वर्षांचं पोरगं जाग्यावर गेलं. केस झाली, जामीन झाला. तेव्हापासून मालक धड जेवत नाहीत. एक दिवस म्हणतात, मीच मारलं त्याला. दुसऱ्या दिवशी म्हणतात, त्यानंच येऊन धडकवली, मला काय करायचं. मोबाइलवर व्हिडिओ फिरला, ‘ऊस ट्रॅक्टरनं घेतला तरुणाचा बळी’. पोराच्या घरचे कन्नड बोलणारे, तर कुणीतरी ‘मराठी ड्रायव्हर’ असं घातलं. आमच्या गावच्या ग्रुपवर ‘पोरगं पिऊन असणार’ असं लिहिलं. सासूबाई म्हणतात, काळ आला होता, तुझा काय दोष. माझ्या पोराला शाळेत खुन्याचा पोरगा म्हणतात. त्या घरी जाऊन यावं असं मला वाटतं, सगळे नको म्हणतात. खरं सांगा, आमचे मालक दोषी आहेत की नाहीत? ते दगड अजून तिथंच पडलेत, येता-जाता दिसतात.’

ताई,

तुमच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारी माणसं तुमच्याभोवती पुष्कळ आहेत. व्हिडिओवाला दोषी म्हणतो, सासूबाई निर्दोष म्हणतात, आणि तुमचे मालक रोज या दोन शब्दांमध्ये हेलपाटे घालतात. दोष, जबाबदारी आणि गुन्हा या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत कालवल्या गेल्या की माणूस सगळं अंगावर तरी घेतो, नाहीतर सगळं झटकून तरी टाकतो. त्या कशा कालवल्या जातात ते आधी बघू, म्हणजे पुढचं करायला सोपं जाईल.

ऊस हंगामात अशा अपघाताच्या बातम्या येतात त्या ठरलेल्या चार-पाच वाक्यांत येतात. ‘ट्रॅक्टरनं घेतला बळी’ या वाक्यात कर्ता आहे ट्रॅक्टर, जो त्या वेळी उभा होता. ‘दुचाकीस्वार उभ्या ट्रॉलीला धडकला’ यात कर्ता आहे तो पोरगा, जो आता बोलू शकत नाही. ‘काळाचा घाला’ यात काळ. ‘रस्ता ठरला मृत्यूचा सापळा’ यात रस्ता. आणि ‘अपघातात तरुण ठार’ यात कर्ताच नाही. घटना एक, पण वाचणाऱ्याचा राग कुठं जाऊन बसणार हे त्या कर्त्यावर ठरतं. पहिलं वाक्य वाचलेला माणूस तुमच्या दाराकडं बघतो. दुसरं वाचलेला त्या पोराच्या आई-बापांकडं बघतो. तिसरं वाचलेला हळहळतो आणि पुढच्या व्हिडिओकडं जातो.

मराठीत तर ही सोय व्याकरणातच आहे. काच फुटते किंवा कुणीतरी फोडते. दोरी तुटते किंवा तोडतात. माणूस मरतो किंवा मारतात. एक अक्षर इकडंतिकडं झालं की करणारा आत येतो किंवा बाहेर जातो. आता तुमचंच पत्र परत वाचा, रागावू नका. ‘टायर फुटलं.’ ‘ट्रॉली डांबरावरच राहिली.’ ही दोन्ही आपोआप झाल्यासारखी वाक्यं आहेत. ‘दगड लावले’, ‘फांदी टाकली’ इथं मात्र मालक करणारे आहेत. म्हणजे जिथं काळजी घेतली तिथं ते कर्ते, आणि जिथं कमी पडलं तिथं टायर आणि ट्रॉली कर्ते. यात तुमचा खोटेपणा नाही. आपल्या माणसाबद्दल प्रेमानं बोलताना भाषा अशीच वळते. परक्याबद्दल बोलताना ती बरोबर उलटी वळते, आणि त्या व्हिडिओत तेच झालं आहे.

सीमाभागात राहणाऱ्याला एक जास्तीचा शब्द मिळतो, तो इथं उपयोगी पडेल. कन्नडमध्ये ‘तप्पु’ म्हणजे चूक, आणि ‘होणे’ म्हणजे जबाबदारी. ‘तप्पु यारदु?’ म्हणजे चूक कुणाची, हा एक प्रश्न; ‘होणे यारु?’ म्हणजे जबाबदार कोण, हा दुसरा. आपल्याकडं ‘होणे’ म्हणजे आपोआप घडणे, त्यांच्याकडं ‘होणे’ म्हणजे अंगावर घेणे. मालकांना सांगताना हा शब्द वापरून बघा. ऊस उतरवायला कारखान्याच्या गव्हाणीजवळ दोन्ही भाषा ऐकणाऱ्या माणसाला तो पटकन कळेल.

‘मेला’ आणि ‘मारला’ यांच्यामध्ये एक जागा आहे. मराठीत आपण ती ‘माझ्याकडून झालं’ किंवा ‘माझ्या हातनं झालं’ अशी दाखवतो. करणारा मी, पण करायचं म्हणून केलेलं नाही. कायदा याच जागेवर उभा आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणामुळं मृत्यू हे कलम ३०४-अ सुरुवातीला नव्हतंच, ते १८७० साली घातलं गेलं. त्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणून जामीन झाला. खुनाचं कलम वेगळं आहे, आणि त्याचा इथं काहीही संबंध नाही. ‘खुनी’ हा शब्द व्हिडिओत, शाळेत किंवा तुमच्या घरात, जिथं वापरला जाईल तिथं तो चुकीचा आहे.

याच कायद्याच्या कपाटात दुसरी एक फाइल आहे, ती लोकांना ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणं अपघातात मृत्यू झाला तर कुणाची चूक हे सिद्ध न करताही वारसांना पाच लाख रुपये भरपाई मागता येते, आणि ती वाहनमालकानं किंवा त्याच्या विमा कंपनीनं द्यायची असते. म्हणजे कायदाच सांगतो की दोष ठरायच्या आधीही जबाबदारी असू शकते. चूक सिद्ध करून जास्त भरपाई मागायची असेल तर कलम १६६ आहे, आणि तिथं न्यायाधिकरण दोन्ही बाजूंचा निष्काळजीपणा टक्क्यांत वाटू शकतं. फौजदारी कोर्टात अशी टक्केवारी नसते. ‘त्याचीही चूक होती’ एवढ्यावर तिथं सुटका होत नाही. आणि ‘बाहेर पैसे देऊन मिटवू’ म्हणून कुणी सांगत असेल तर ऐकू नका. हा गुन्हा दोन पार्ट्यांनी आपसात मिटवण्यासारख्या गुन्ह्यांच्या यादीत नाही.

आता मालकांना घेऊन बसा. एक वही घ्या. मालकांच्या हातानं लिहून घेतलं तर उत्तम, नाहीतर ते बोलतील तसं तुम्ही लिहा. त्या रात्रीचं एकेक काम एकेका वाक्यात. नियम एवढाच की प्रत्येक वाक्याचा कर्ता माणूस किंवा खातं असलं पाहिजे. ट्रॅक्टर, काळ, रस्ता, नशीब हे कर्ते चालणार नाहीत. ‘ट्रॉली डांबरावर राहिली’ खोडा, ‘मी ट्रॉली निम्मी डांबरावर उभी केली’ लिहा. ‘टायर फुटलं’ खोडा, ‘ते टायर मी इतक्या वर्षांपूर्वी घातलं होतं, त्या दिवशी मी इतका माल भरू दिला’ लिहा. न केलेलंही लिहा. ‘ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची वायर मी जोडली नव्हती’, जोडली असेल तर ‘जोडली होती’. ‘मी ट्रॉलीजवळ माणूस ठेवला नाही.’ मग इतरांची वाक्यं. ‘रस्ता सांभाळणाऱ्या खात्यानं साइडपट्टी भरली नाही.’ ‘रिफ्लेक्टर आहे का हे कुणी न बघता ट्रॉली भरली गेली’ यात ‘कुणी’ म्हणजे कोण, मुकादम की कारखान्याचा स्लिप देणारा, ते नाव नाही तर हुद्दा घालून लिहा. आणि त्या पोराबद्दल जे नक्की ठाऊक आहे तेवढंच एक वाक्य: ‘तो मागून आला.’ वेग, दारू, मोबाइल यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. शवविच्छेदनाचा आणि तपासाचा अहवाल येईपर्यंत ती ओळ तिथंच संपते.

या वहीत दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला म्हणजे ‘जर’. जर मी त्या दिवशी खेप घेतली नसती, जर दुसऱ्या रस्त्यानं गेलो असतो. ही वाक्यं रात्रभर संपत नाहीत. त्यांना एकच चाळणी लावा: हे त्या वेळी हातात होतं का, आणि त्या वेळी ठाऊक होतं का? खेप घेणं ही चूक नव्हे. टायर फुटेल हे ठाऊक नव्हतं. अंधारात निम्मी ट्रॉली रस्त्यावर आहे हे मात्र डोळ्यांना दिसत होतं. दुसरा घोटाळा उलटा असतो. खात्याचं, कारखान्याचं, मुकादमाचं वाक्य लिहून झालं की स्वतःचं वाक्य फिकं वाटायला लागतं. प्रत्येकाचं वाक्य वेगळ्या ओळीवर ठेवा. त्यांच्या ओळीनं तुमची ओळ खोडली जात नाही.

दगड आणि फांदीच्या ओळीवर थोडं थांबा, कारण मालकांचं मन तिथंच अडकलेलं असणार. ‘मी काळजी घेतली होती’ हे खरं आहे. आपल्याकडं सगळे ड्रायव्हर हेच करतात, रीतच पडली आहे. पण ही रीत किती कामाची आहे ते आकड्यांत बघा. ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारी मोटरसायकल एका सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. अडथळा दिसल्यावर ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर. कोरड्या डांबरावर नीट ब्रेक लागला तरी थांबायला आणखी २३-२४ मीटर. एकूण जवळजवळ ५० मीटर. समोरून गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की उसाची काळपट ट्रॉली त्याच्या निम्म्या अंतरावरही दिसत नाही. वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या पाल्याची, शेंडी लोंबून ट्रॉलीच्या मागच्या पाटीवरचा लाल रिफ्लेक्टर झाकते, उरलेला चिखलानं माखलेला असतो. अशा वेळी ट्रॉलीच्या मागं आठ-दहा फुटांवर ठेवलेले दगड धडकणाऱ्याला वाचवत नाहीत, उलट पाडतात. म्हणून वहीत खरं वाक्य असं येईल: ‘सगळे घेतात तेवढी काळजी मी घेतली, आणि ती पुरेशी नव्हती.’ हे वाक्य ‘मी मारलं’ इतकं जड नाही आणि ‘मला काय करायचं’ इतकं हलकं नाही. मालकांना ते मोठ्यानं वाचायला लावा. आमच्या मते त्यांच्या वाट्याचा दोष एवढा आहे. तो खरा आहे, आणि त्याला मोजमाप आहे.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगा. शंभर टक्के निर्दोष ड्रायव्हर असता, दिवे, त्रिकोण, माणूस सगळं जागेवर असतं आणि तरी पोरगं गेलं असतं, तर बघणाऱ्यांना वाईट वाटून गेलं असतं, पण त्या ड्रायव्हरच्या मनाला ते कायमचं चिकटलं असतं. ज्याच्या गाडीला धडकून माणूस जातो त्याचं दुःख बघ्याच्या दुःखासारखं नसतं. म्हणून आतून जे टोचतं ते सगळं गुन्ह्याचा पुरावा आहे असं समजायचं कारण नाही. आणि ‘तुझा काय दोष’ म्हणून कुणी ते पुसायला गेलं तर माणूस आणखी एकटा पडतो. सासूबाईंना हे सांगायला अवघड आहे, तरी सांगा. ‘तुझा दोष नाही’ऐवजी ‘मी तुझ्याजवळ बसते’ एवढं म्हणा, म्हणावं.

ही वही घरात ठेवा. तिचा फोटो कुणाला पाठवू नका. ती फक्त तुमच्या वकिलाला दाखवा, कारण वकिलाशी झालेलं बोलणं कायद्यानं गुप्त असतं, नातेवाइकाशी किंवा ग्रुपवर झालेलं नसतं. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, पण गावात चार माणसांत बोललेलं आणि मोबाइलवर लिहिलेलं पुरावा म्हणून पुढं येऊ शकतं. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हेही लक्षात ठेवा. पंचनाम्यासारख्या ज्या कागदांवर सह्या असतात ते कन्नडमध्ये असणार. ते वाचता येणाऱ्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. पंचनाम्यात बघायचं ते असं: डांबराची रुंदी किती, ट्रॉलीचं चाक कडेपासून किती आत, दिवा आणि रिफ्लेक्टरबद्दल काय लिहिलंय, दगड आणि फांदी ट्रॉलीपासून किती अंतरावर, साइडपट्टी खचल्याचा उल्लेख आहे की नाही. साइडपट्टीचा उल्लेख नसेल तर वकिलाला सांगून त्या जागेचे दिवसाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. वकील परवडत नसेल तर चिकोडी कोर्टाच्या आवारातल्या तालुका कायदा सेवा समितीकडं जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते, पण केस मालकांवर आहे, त्यामुळं तिथं त्यांच्या उत्पन्नाचा दाखला लागेल.

विमा कंपनीला अजून लेखी कळवलं नसेल तर आजच कळवा आणि पोच घ्या. ट्रॅक्टरचा विमा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो. त्या ट्रॉलीचा उल्लेख पॉलिसीत आहे का, आणि वापर शेतीचा लिहिलाय की भाड्याचा, हे बघा, कारण कंपनीचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो.

आता ग्रुप. तुमच्या बाजूनं जे खोटं लिहिलं गेलंय ते आधी थांबवा. ‘पोरगं पिऊन असणार’ हे वाक्य मालकांच्या बचावासाठी लिहिलंय, पण त्यात एका मेलेल्या पोराला आरोपी केलंय, आणि ते त्याच्या आईपर्यंत पोचणारच. ज्यानं लिहिलं त्याच्या घरी जा, समोरासमोर सांगा, मेसेज काढायला लावा. ग्रुपवर वाद घालू नका. हे काम दुसरं कुणी करणार नाही, तुम्हीच करू शकता.

‘मराठी ड्रायव्हर’चं वाक्य जास्त धोक्याचं आहे. ट्रॉलीला दिवा होता की नव्हता यात भाषेचा काय संबंध? पण सीमाभागात कुठल्याही वाक्याला भाषेचा कर्ता चिकटवला की दोन माणसांची गोष्ट लाखोंची होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये झालेल्या एका मारहाणीनंतर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, आणि ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता ते प्रवासी अडकून पडले. म्हणून त्या पोस्टला मराठीतून उत्तर देऊ नका, ‘आम्हा मराठी लोकांवर’ अशी सुरुवात तर नकोच. पोस्ट कुठं, कुणी, कधी टाकली याचा स्क्रीनशॉट ठेवा. धमकी आली किंवा भाषेवरून चिथावणी वाढली तर ठाण्यात लेखी अर्ज द्या. भाषेच्या नावानं तेढ पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. तेवढं झालं नाही तर दोन्ही गावांत मान असलेल्या एखाद्या गुरुजींकडून दोन्ही भाषांत एकच मजकूर टाकून घ्या: ‘अमुक रात्री या रस्त्यावर बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीला धडकून एका तरुणाचा मृत्यू झाला. तपास चालू आहे. दोन्ही घरांबद्दल तर्क करू नयेत. रात्री ट्रॉली बंद पडली तर ११२ वर कळवा.’ यात विशेषण एकही नाही, आणि शेवटच्या वाक्यात वाचणाऱ्याला करायला काहीतरी आहे.

त्या घरी जावं का? जावं, पण थेट नको. आधी जामिनाचा आदेश वकिलाकडून वाचून घ्या. साक्षीदारांशी संपर्क करू नये अशी अट असेल तर मालकांनी जायचं नाही, आणि तुम्ही जावं का हेही वकिलालाच विचारा. मग दोन्हीकडं ओळख असलेल्या, कन्नड चांगलं बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडून निरोप पाठवा. त्यांनी नको म्हटलं तर पुन्हा निरोप नाही. या म्हटलं तर तुम्ही आणि ती वडीलधारी व्यक्ती, एवढेच. पुढारी नको, ठेकेदार नको, पाकीट नको, मोबाइल बंद. दहा मिनिटं बसा. बोलायचं ते थोडं: ‘तुमचं पोरगं गेलं. ट्रॉली आमची होती. नमग भाळ दुःख आगेति (आम्हाला फार दुःख झालंय).’ ही तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि यात कायद्याचा शब्द एकही नाही. काय चुकलं, किती चुकलं ते मालकांनी कोर्टापुढं बोलायचं आहे, तिथं काही लपवू नये. नशीब होतं, त्याची वेळ आली होती, आमचेही फार हाल आहेत, केसचं बघा जरा, यातलं एकही वाक्य त्या दारात काढू नका. ते रागावले, बोलले, तर ऐकून घ्या आणि उठा.

जमलं तर एक काम त्यांच्यासाठी करा, ते माफीपेक्षा मोठं आहे. भरपाईचा दावा लावायला त्यांना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे नंबर, विमा पॉलिसीची प्रत, लायसनची प्रत लागते. पुष्कळ घरं या कागदांमागं महिनोन्‌महिने फिरतात, आणि कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायला कायदा सांगतो. तुमच्या वकिलाला सांगून हे कागद त्यांना स्वतःहून पोचवा. ‘होणे’ म्हणतात ती हीच.

पोराच्या शाळेत वर्गशिक्षकांना भेटा, एकट्यानं, तक्रारीच्या सुरात नाही. ‘खुनी’ हा शब्द वर्गात बंद करा एवढंच मागा. घरी पोराला लपवाछपवी न करता सांगा: ‘बाबांच्या ट्रॉलीला धडकून एक दादा गेला. बाबांनी त्याला मारायचं म्हणून काही केलं नाही. बाबांकडून काळजी कमी पडली का, हे कोर्ट बघतंय. कुणी विचारलं तर एवढं सांग आणि खेळायला जा.’ दोनदा-तीनदा म्हणून घ्या, म्हणजे वेळेला तोंडात येईल.

मालकांचं जेवण-झोप महिनाभर गेली आहे, ही गोष्ट वहीनं भागणारी नाही. १४४१६ ही मनाच्या त्रासावर मदत करणाऱ्या टेलिमानसची सरकारी लाइन आहे. मोफत आहे, दिवस-रात्र चालते, कन्नड आणि मराठी दोन्हीत बोलता येतं. बेळगावला बिम्सच्या रुग्णालयात आणि धारवाडला डिम्हान्समध्ये मानसोपचार मिळतात. ‘मी जगून काय करू’ असं ते म्हणाले, किंवा अचानक गप्प-शांत होऊन व्यवहाराची निरवानिरव करायला लागले, तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. औषध-फवारणीचे डबे आणि तणनाशक आजच घरातून हलवून भावकीत कुणाकडं कुलपात ठेवा. याला उद्याचा मुहूर्त नको.

ट्रॅक्टर परत रस्त्यावर जाईल तेव्हा दोन्ही ट्रॉल्यांना मागं पूर्ण रुंदीभर लाल, बाजूला पिवळी, अशी ५० मिलिमीटरची परावर्तक टेप लावा. लोंबणाऱ्या वाढ्याच्या टोकाला दोरीनं वेगळा लाल रिफ्लेक्टर बांधा, कारण पाटीवरचा झाकला जातो. दुसरी ट्रॉली जोडताना दिव्याची वायर तुटते, म्हणून चुंबकाचा लाल लुकलुकणारा दिवा जवळ असू द्या. बंद पडली तर ट्रॉलीच्या मागं ५० मीटरवर त्रिकोण, त्याच्या बाजूला कडेला बॅटरी घेऊन एक माणूस, आणि मिस्त्रीच्या आधी ११२ ला फोन. मालकांची तयारी असेल तर गावातल्या बाकीच्या ट्रॉल्यांना टेप लावायचं काम त्यांनाच हातात घेऊ द्या. फक्त त्याचा व्हिडिओ कुणी काढू नये.

आणि ते दगड. पंचनामा होऊन महिना झाला आहे, तरी एकदा ठाण्यात विचारा की हलवले तर चालेल का. चालेल म्हणाले की दिवसा, दुपारी रहदारी कमी असताना तुम्ही दोघं जा. एकानं लाल कापड घेऊन मागं उभं राहा, दुसऱ्यानं दगड आणि वाळलेली फांदी उचलून नाल्यापलीकडं टाका. अंधारात त्यांनाही कुणीतरी धडकेल.